परागकण रिकामे निघतात, पण कारण कसे ठरवावे? (भातातील नरवंध्यत्वाविषयी)

प्रश्न : तृणधान्य_अभ्यासक

नमस्कार. मी वनस्पती पैदासशास्त्राचा विद्यार्थी आहे. रानभात मादी आणि लागवडीचा एक स्थिर वाण नर असा संकर करून, त्याच नर वाणाशी पुन्हा पुन्हा बॅकक्रॉस करत आलो असून सध्या दुसऱ्या बॅकक्रॉसची पिढी हाताळत आहे. या पिढीतील झाडांची वाढ उत्तम आहे आणि लोंब्याही वेळेवर निसवल्या. मात्र काही झाडांचे परागकोश पांढुरके, बारीक आणि टोकाशी वळलेले दिसतात, ते फुटत नाहीत, आणि पिशवी बांधलेल्या लोंब्यांतील सर्व दाणे पोचट राहिले आहेत. त्याच झाडांच्या उघड्या ठेवलेल्या लोंब्यांत थोडे दाणे भरले, त्यावरून स्त्रीकेसर शाबूत असावा असे मी धरून चाललो आहे. आयोडीन-पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणात पाहिले असता नेहमीच्या वाणाचे परागकण गोल आणि काळेभोर दिसले, तर या झाडांचे परागकण सुरकुतलेले आणि बिनरंगी होते.

पिकाच्या पोटरी अवस्थेत काही रात्री बऱ्याच थंड गेल्या होत्या. त्यामुळे एका सहकाऱ्याच्या मते हा थंडीचा परिणाम आहे. दुसऱ्याच्या मते दूरच्या संकरात गुणसूत्रांची जुळणी बिघडल्याने असे होते, आणि तिसऱ्याला हे रानभाताच्या पेशीद्रव्यातून, म्हणजे केंद्रकाबाहेरच्या भागातून, आलेले नरवंध्यत्व (फक्त पराग निकामी असणे) वाटते. यांपैकी नेमके कारण कसे वेगळे काढावे? आणि दोष जर पेशीद्रव्यातील ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांतच (मायटोकॉन्ड्रियांत) असेल, तर त्या झाडाच्या प्रत्येक पेशीत असताना फक्त परागकणच का बिघडतात, हेही मला समजून घ्यायचे आहे.

उत्तर १ : सूक्ष्मदर्शक

आपण आयोडीनची चाचणी केली हे योग्यच झाले, परंतु त्या चाचणीतून कळते ते एवढेच की परागकणात स्टार्च साठला नाही. थंडी, बोरॉनची कमतरता, बिघडलेले अर्धगुणसूत्री विभाजन किंवा सदोष तंतुकणिका, यांपैकी काहीही झाले तरी शेवटी समोर येतो तो रिकामा कणच. कारण शोधायचे असेल, तर पक्व परागकण बाजूला ठेवून विकासाची गाडी कोणत्या टप्प्यावर थांबली ते पाहावे लागेल.

टप्पे आपल्याला ठाऊक असतीलच, तरी कोठे काय शोधायचे ते सांगतो. परागमातृपेशीचे अर्धगुणसूत्री विभाजन होऊन चार लघुबीजाणूंचे चतुष्क बनते, आणि ते कॅलोज नावाच्या बहुशर्करेच्या जाड भिंतीत बंदिस्त असते. परागकोशाच्या आतल्या बाजूचा पोषक थर, म्हणजे टॅपेटम, कॅलोज विरघळवणारे विकर सोडतो आणि लघुबीजाणू मोकळे होतात. हा स्राव वेळेआधी झाला तरी घात होतो. १९९२ साली तंबाखूत कॅलोज लवकर विरघळेल अशी जनुकीय योजना केली असता झाडे नरवंध्य झाली होती. मोकळ्या लघुबीजाणूत पुढे मोठी रिक्तिका, म्हणजे द्रवाने भरलेली पोकळी, तयार होते आणि केंद्रक भिंतीकडे सरकते. मग असमान सूत्री विभाजन होऊन एक मोठी वर्धी पेशी आणि एक लहान जननपेशी बनते. भातासारख्या तृणांत परागकण गळण्यापूर्वीच जननपेशीचे पुन्हा विभाजन होते, म्हणून पक्व कण त्रिपेशीय असतो. बाह्यभिंतीचा स्पोरोपोलेनिन हा पदार्थही मुख्यतः टॅपेटमच पुरवतो आणि शेवटी हा थर स्वतः ठरल्या क्रमाने नष्ट होतो. तो लवकर मेला तर लघुबीजाणू उपाशी राहतात, आणि मेलाच नाही तरीही परागकण भरत नाहीत.

आता प्रत्यक्ष कृती. पोटरीतील फुटवे निवडताना ध्वजपानाचा (सर्वांत वरच्या पानाचा) सांधा आणि त्याखालच्या पानाचा सांधा यांतील अंतर पाहा. हे दोन्ही सांधे साधारण एकाच पातळीवर येतात त्या सुमारास अर्धगुणसूत्री विभाजन आणि कोवळे लघुबीजाणू सापडतात. लोंबीच्या शेंड्याकडील फुले तळाकडील फुलांपेक्षा पुढे असतात, म्हणून एकाच लोंबीत बहुतेक सर्व टप्पे मिळतात आणि तीच खरी सोय आहे. फुले तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ॲसिटिक आम्लात दिवसभर ठेवून नंतर ७० टक्के अल्कोहोलमध्ये साठवा. परागकोश सुईने फोडून ॲसिटोकार्माइनच्या थेंबात हलके दाबा आणि मोठ्या भिंगाखाली केंद्रके मोजा.

विभाजनात गुणसूत्रे एकटी पडलेली, मागे रेंगाळलेली किंवा चतुष्कात जादा सूक्ष्मकेंद्रके दिसली, तर आपल्या दुसऱ्या सहकाऱ्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. चतुष्क निर्दोष असेल आणि बिघाड त्यानंतरचा असेल, तर ते कारण बरेच मागे पडते. भातातील पेशीद्रव्यीय नरवंध्यत्वाचे जे प्रकार चांगले अभ्यासले गेले आहेत, त्यांत हा टप्पा प्रकारागणिक बदलतो. ‘वाइल्ड ॲबॉर्टिव्ह’ म्हणजे डब्ल्यूए प्रकारात परागकण एककेंद्रकी अवस्थेतच खचतो, म्हणून तो वेडावाकडा आणि बिनरंगी दिसतो. होंगलियान प्रकारात तो द्विकेंद्रकी अवस्थेपर्यंत पोहोचतो, म्हणून गोल असतो पण नीट रंगत नाही. बीटी प्रकारात तो त्रिकेंद्रकी होऊन काही प्रमाणात रंगतोही, आणि अशा वेळी केवळ आयोडीनवर विसंबणारा माणूस हमखास फसतो.

एक गोष्ट जाता जाता सांगतो. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या अलेक्झांडर रंजकात निकोप कण किरमिजी आणि खचलेले कण हिरवे दिसतात. चित्र देखणे असते म्हणून प्रबंधांत ते फार वापरले जाते, परंतु त्यातून कणात जीवद्रव्य आहे की नाही एवढेच कळते. तो कण कुक्षीवर रुजेल की नाही, हे कळत नाही.

उत्तर २ : पैदासकार_जुना

सूक्ष्मदर्शकाची बाजू वर उत्तम आली आहे. मी वंशावळीच्या बाजूने लिहितो, कारण आपल्या संकराच्या रचनेतच बरेचसे उत्तर दडलेले आहे.

आपण प्रत्येक पिढीत स्थिर, सुपीक वाण नर म्हणून वापरला आहे. नरवंध्यत्व रानभाताच्या केंद्रकातील एखाद्या अप्रभावी जनुकामुळे असते, तर बॅकक्रॉसच्या प्रत्येक झाडात त्या जनुकाची फार तर एकच प्रत आली असती आणि सर्व झाडे सुपीक दिसली असती. स्वपरागण केल्याशिवाय असे नरवंध्यत्व डोके वर काढत नाही. म्हणून साधे अप्रभावी केंद्रकीय जनुक ही शक्यता मी येथेच वगळतो. गुणसूत्रांची विजोड जुळणी हे कारण असेल, तर बॅकक्रॉस वाढेल तशी सुपीकता सुधारत जायला हवी, आणि त्या बिघाडात परागकणांबरोबर अंडपेशींनाही झळ बसत असल्याने हाताने भरपूर पराग घालूनही दाणे कमीच भरतात. आपल्या उघड्या लोंब्यांत दाणे ‘थोडे’ भरले, यावरून मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण भातात परपरागण मुळातच कमी होते. नरवंध्य झाडाच्या काही लोंब्यांवर निकोप वाणाचे पराग हाताने टाका आणि किती दाणे भरतात ते पाहून मगच स्त्रीकेसर शाबूत असल्याचे म्हणा.

आता पेशीद्रव्याचा विचार करू. रानभात स्वतः सुपीक असतो, कारण त्याच्या पेशीद्रव्यात नरवंध्यत्वाचे कारण असले तरी त्याला आवर घालणारे रिस्टोरर जनुक त्याच्याच केंद्रकात असते. आपण बॅकक्रॉसने ते केंद्रक हळूहळू बदलत आहात. एकच रिस्टोरर जनुक आहे आणि आपल्या वाणात ते नाही असे गृहीत धरले, तर पहिली संकरित पिढी सुपीक, आणि पहिल्या बॅकक्रॉसमध्ये निम्मी झाडे सुपीक व निम्मी नरवंध्य, असे चित्र दिसेल. त्यापुढचा भाग आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. दुसऱ्या बॅकक्रॉसमध्ये सुपीक आईची संतती पुन्हा निम्मी-निम्मी फुटेल, पण नरवंध्य आईची संतती सगळीच्या सगळी नरवंध्य निघेल. आपण बियाणे आईनिहाय वेगळे पेरले असेल, तर नोंदवही उघडून हे आजच तपासता येईल. सगळे एकत्र मिसळून पेरले असेल, तर मात्र पुन्हा एका हंगामाची वाट पाहावी लागेल.

निर्णायक पुरावा उलट संकरातूनच मिळतो. याच पिढीतील सुपीक भावंडांचे पराग आपल्या स्थिर वाणावर, म्हणजे त्याला मादी करून, टाका. त्या संततीत आणि तिच्या स्वपरागित पिढीत नरवंध्य झाडे कधीच आली नाहीत, तर दोष आईकडून येणाऱ्या पेशीद्रव्यात आहे हे मान्य करण्यावाचून गत्यंतर नाही. केवळ ‘नरवंध्य झाड गुणिले अमुक वाण, संतती सुपीक, पुढच्या पिढीत तीनास एक’ एवढ्या प्रमाणावर केंद्रकीय जनुकाचा निष्कर्ष काढलेले लेखन मी पाहिले आहे. त्यात वापरलेला नर वाण रिस्टोरर असेल, तर पेशीद्रव्यीय नरवंध्यत्वातही अगदी तेच प्रमाण मिळते, हे ध्यानात घेतले गेले नव्हते.

उत्तर ३ : रोपशरीर

थंडीची शक्यता हसण्यावारी नेऊ नये. भातात पोटरी अवस्थेतील थंडी परागकण मारते, आणि त्यातही लघुबीजाणू नुकतेच मोकळे होतात तो काळ सर्वांत नाजूक असतो, हे सातके आणि हायासे यांनी १९७० सालीच दाखवून दिले होते. अशा थंडीत टॅपेटमच्या पेशी फुगतात, परागकोशाकडे साखर पोहोचते पण ती फोडणाऱ्या इन्व्हर्टेज विकराचे काम मंदावते, आणि परिणामी स्टार्च तयार होत नाही. थंड प्रदेशांत या काळात खाचरातील पाण्याची पातळी वाढवून कोवळी लोंबी पाण्याच्या उबेत ठेवतात, ती याचसाठी.

परंतु थंडी झाडाचा वंश पाहून पडत नाही. ज्या रात्री जे फुटवे त्या नाजूक अवस्थेत होते, तेच बाधित होतात. तेव्हा दोन गोष्टी तपासा. शेजारी त्याच दिवशी पोटरीत असलेल्या स्थिर वाणाच्या झाडांना काय झाले? आणि बाधित झाडावरच थंडी सरल्यानंतर निसवलेल्या उशिराच्या फुटव्यांचे परागकण कसे आहेत? उशिराचे फुटवे निकोप निघाले तर थंडीचा संशय पक्का धरा. तेही रिकामे असतील तर थंडीवरचा संशय मिटला.

अन्नद्रव्यांचे कारणही असेच पडताळता येते. बोरॉनच्या कमतरतेने गव्हात परागकोश खुरटतात आणि दाणे भरत नाहीत. भात त्या मानाने सोशिक आहे. तांब्याच्या कमतरतेनेही गव्हाचे परागकण वांझ राहतात. पण अशी कमतरता वाफ्यातल्या सर्वच झाडांना भोगावी लागते, एका कुळातली निम्मी झाडे निवडून नव्हे.

याशिवाय एक चौथी शक्यता कोणी मांडली नाही, ती नोंदवतो. काही झाडे दिवसाची लांबी किंवा तापमान यांनुसार कधी नरवंध्य आणि कधी सुपीक होतात. चीनमध्ये १९७३ साली सापडलेले नोंगकेन ५८एस हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. ते दीर्घ दिवसांत नरवंध्य आणि लहान दिवसांत सुपीक असते, त्यामुळे नरवंध्य ओळ टिकवण्यासाठी तिला पराग देणाऱ्या वेगळ्या मेंटेनर वाणाची गरज लागत नाही. हे तपासण्यासाठी नरवंध्य झाडे कापून टाकू नका. बुंधे राखून त्यांचा खोडवा घ्या आणि तो वेगळ्या हवामानात निसवू द्या.

उत्तर ४ : जनुकरेषा

एवढा खटाटोप कशासाठी? डब्ल्यूए प्रकाराला कारणीभूत असलेल्या डब्ल्यूए३५२ जनुकासाठी पीसीआर (डीएनएचा ठरावीक तुकडा आहे का हे पाहणारी चाचणी) करा, एका दिवसात उत्तर मिळेल.

उत्तर ५ : पैदासकार_जुना

पीसीआर जरूर करावे, पण त्याचे उत्तर ‘हो’ आले तर ते उपयोगी, आणि ‘नाही’ आले तर निरुपयोगी ठरते. बीटी प्रकारात ओआरएफ७९ आणि होंगलियान प्रकारात त्याच्याशी मिळतेजुळते ओआरएफएच७९ हे जनुक कारणीभूत आहे. रानभातातून आलेल्या नव्या पेशीद्रव्यात यांपैकी एकही नसू शकते. शिवाय जनुक असणे आणि नरवंध्यत्व त्याच्यामुळेच असणे, या दोन गोष्टी संकराच्या नोंदींशिवाय जोडता येत नाहीत.

उत्तर ६ : तंतुकणिका_प्रेमी

दोष सर्व पेशींत असताना फक्त परागकणच का बिघडतात, या प्रश्नाकडे अद्याप कोणी वळले नाही, म्हणून त्यावरच लिहितो.

पेशीद्रव्यीय नरवंध्यत्वाची जी जनुके आजवर उलगडली आहेत, त्यांतील बहुतेक तंतुकणिकेच्या डीएनएमध्ये तुकडे इकडचे तिकडे जोडले जाऊन तयार झालेली आहेत. त्यांचे एक मूळ काम असते आणि ते बिघडले असे नसते, तर तंतुकणिकेत एक नवेच, नको असलेले प्रथिन तयार होऊ लागते. मक्याच्या टेक्सास पेशीद्रव्यातील टी-यूआरएफ१३ हे जनुक असेच बनले. त्याचे प्रथिन तंतुकणिकेच्या आतल्या पटलात जाऊन बसते आणि झाड एरवी ते सहन करते. मात्र परागकोशात ऊर्जेची मागणी एकदम वाढते. मक्याच्या परागकोशात टॅपेटमच्या प्रत्येक पेशीतील तंतुकणिकांची संख्या सुमारे ४० पटींनी आणि परागमातृपेशींकडे जाणाऱ्या पेशींत सुमारे २० पटींनी वाढते, असे १९७८ साली प्रसिद्ध झाले होते. जो दोष पानात खपून जातो, तो अशा ठिकाणी खपत नाही, असे एक स्पष्टीकरण आहे आणि ते पटण्याजोगे आहे.

परंतु माझ्या मते ते अपुरे आहे. मुळांच्या टोकांशीही ऊर्जेची मागणी मोठी असते, तरी मुळे ठणठणीत राहतात. भाताच्या डब्ल्यूए प्रकारावरील २०१३ सालच्या संशोधनाने अधिक नेमके चित्र दिले. डब्ल्यूए३५२ या जनुकाचे प्रथिन मुख्यतः टॅपेटममध्ये, तेही अर्धगुणसूत्री विभाजनाच्या सुमारास साठते, तंतुकणिकेतील कॉक्स११ या प्रथिनाला अडवते, आणि त्यामुळे टॅपेटमच्या पेशी आपला नियत मृत्यू वेळेआधीच ओढवून घेतात. म्हणजे ऊर्जा कमी पडण्यापेक्षा मृत्यूची वेळ चुकणे अधिक निर्णायक ठरते. सूर्यफुलाच्या पेट१ पेशीद्रव्यातही टॅपेटमचा असाच अकाली मृत्यू नोंदला गेला आहे. अंडाशयात टॅपेटमसारखा थरच नसल्याने मादी बाजू सुखरूप राहते, हेही त्यातून समजते.

रिस्टोरर जनुकांचे काम बहुधा त्या नको असलेल्या जनुकाचा आरएनए कापणे किंवा त्यापासून प्रथिन बनू न देणे, हे असते. असे पहिले जनुक २००२ साली पेट्युनियात वेगळे केले गेले आणि ते पीपीआर या, आरएनएला चिकटणारी प्रथिने बनवणाऱ्या जनुकांच्या मोठ्या कुलातील निघाले. त्यानंतर भात आणि मुळा यांतील रिस्टोररही त्याच कुलातले ठरले. मक्यातील आरएफ२ मात्र या चौकटीत बसत नाही. ते अल्डिहाइड डिहायड्रोजनेज हे विकर बनवते आणि टी-यूआरएफ१३चे प्रथिन मुळीच कमी करत नाही.

तृणधान्य_अभ्यासक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सुचवल्याप्रमाणे पाहिले, त्याचा वृत्तांत देतो. बियाणे सुदैवाने आईनिहाय वेगळे पेरले होते. सुपीक आयांच्या ओळींत सुपीक आणि नरवंध्य झाडे जवळपास सारखी आहेत. नरवंध्य आयांच्या ओळींत एकही सुपीक झाड नाही. उशिराच्या फुटव्यांचे परागकणही रिकामेच निघाले, आणि शेजारचा स्थिर वाण निकोप आहे. चतुष्के व्यवस्थित दिसली. मोकळे लघुबीजाणू सुरुवातीला गोल असतात, एकच केंद्रक स्पष्ट दिसते, मग रिक्तिका वाढण्याच्या सुमारास भिंत आत ओढली जाऊन ते चुरगळतात. हाताने परागण केलेल्या लोंब्यांत दाणे भरपूर भरत आहेत. हा डब्ल्यूए प्रकारच आहे असे लिहावे का?

उत्तर ७ : पैदासकार_जुना

पेशीद्रव्यीय नरवंध्यत्व, एककेंद्रकी अवस्थेत खचणारे, एवढे लिहा. ‘डब्ल्यूए’ हे नाव आताच लावू नका. ते नाव १९७० साली हाइनान बेटावर सापडलेल्या एका विशिष्ट रानभाताच्या झाडाच्या पेशीद्रव्याचे आहे. टप्पा सारखा असला म्हणजे पेशीद्रव्यही तेच, असे ठरत नाही.

यापुढे पाहण्यासारखी गोष्ट नरवंध्य झाडांत नसून त्यांच्या सुपीक भावंडांत आहे. त्यांच्यात रिस्टोररची एकच प्रत आहे. त्यांचे जवळजवळ सर्व परागकण काळे रंगत असतील, तर सुपीकता मातृझाडाच्या जनुकांवर ठरते, आणि अशा झाडाच्या स्वपरागित संततीत नरवंध्य झाडे पुन्हा दिसतील. परंतु निम्मेच कण रंगत असतील आणि तरीही दाणे पूर्ण भरत असतील, तर प्रत्येक परागकणाचे भवितव्य त्याच्या स्वतःच्या जनुकावर ठरते. तेथे रिस्टोरर नसलेले कण मरूनच जातात, त्यामुळे स्वपरागित पिढीत नरवंध्य झाड सापडणार नाही. डब्ल्यूए पहिल्या गटातील आहे, तर होंगलियान आणि बीटी दुसऱ्या. आपले लघुबीजाणू ज्या टप्प्यावर खचतात, त्यावरून पहिला गट अपेक्षित आहे. तसे न निघाल्यास प्रकरण अधिकच अभ्यासण्यासारखे होईल.

उत्तर ८ : तंतुकणिका_प्रेमी

वरील सल्ल्याशी सहमत आहे. या झाडांना जपण्याचे आणखी एक कारण जोडतो. १९७० साली अमेरिकेत मक्याचे सुमारे ८५ टक्के पीक एकाच टेक्सास पेशीद्रव्यावर उभे होते. करपा रोगाच्या टी वंशाच्या बुरशीचे विष टी-यूआरएफ१३ प्रथिनाशी जुळून तंतुकणिकेचे पटल गळके करत असे, त्यामुळे त्या वर्षी देशाचे साधारण १५ टक्के मका पीक गेले. तीन ओळींच्या (नरवंध्य, मेंटेनर आणि रिस्टोरर) संकरित भाताचा मोठा भाग अनेक वर्षे डब्ल्यूए पेशीद्रव्यावर अवलंबून राहिला आहे. म्हणून वेगळे पेशीद्रव्य हाती आले असण्याची शक्यता असेल, तर पीसीआरचे उत्तर ‘नाही’ येणे ही आपल्या दृष्टीने आनंदाची बातमी ठरेल.

उत्तर ९ : रोपशरीर

नरवंध्य झाडांचे बुंधे राखताना प्रत्येकावर आईचा क्रमांक लावून ठेवा आणि खोडवा निसवताना पुन्हा परागकण पाहा. उबदार आणि थंड अशा दोन्ही परिस्थितींत ते रिकामेच राहिले, तर ही ओळ बीजोत्पादनात मादी म्हणून भरवशाची ठरेल. एखाद्या हवामानात थोडे कण जरी रंगू लागले, तरी मादी ओळीत स्वपरागित दाण्यांची भेसळ होते, आणि ती दोन-तीन बॅकक्रॉस उलटून गेल्यावर कळण्यापेक्षा याच हंगामात कळलेली बरी.